मधलीमार्फत

कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे मधली म्हणत. तीन बहिणींतली ती मधली, आणि थोरली बहीण त्याच कारखान्यात धागे कापायला बसायची. दिवसभर तिचं चालू असायचं, "अगं मधले, कात्री बघितलीस का? मधले, पाणी दे गं." ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. मालकसुद्धा मधली म्हणायचा.

कारखाना शर्टांचा. कारखाना कसला, एक लांबलचक खोली, वर पत्रे, मागच्या बाजूला पोटमाळा. एका टोकाला कटिंगचं टेबल, तिथं मास्तर. दुसऱ्या टोकाला चेकिंगचं टेबल, तिथं बाई. मधे शिलाईच्या मशीनांच्या रांगा, आणि बरोब्बर मधोमध काजबटणाचं मशीन, तिथं मधली. तिनं काही ती जागा मागून घेतली नव्हती. लाइटचा पॉइंट तिथं होता म्हणून मशीन तिथं बसवलं, एवढंच. पण त्या पॉइंटनं तिचं आयुष्य नासवलं.

कारण मास्तर आणि बाई एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं बाह्यांचं. एका मोठ्या ऑर्डरीतल्या सगळ्याच्या सगळ्या शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. बाई म्हणाल्या, कटिंगच उलटं झालंय, माणसाला डावं-उजवं कळत नाही. मास्तर म्हणाले, कटिंग चुकलं असेल तर माल चेकिंगला आला तेव्हा झोपा काढत होता काय? तेव्हापासून बोलणं बंद. मालकानं ते मिटवायला हवं होतं. पण मालक म्हणजे फोनवरचा माणूस. तो म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून बघा काय ते," आणि मोकळा झाला.

आता न बोलता कारखाना चालतो का? मग सुरू झालं, "मधले, सांग तिला." "मधले, सांग त्याला." आधी अधूनमधून, मग उठता बसता. मधली मशीन थांबवायची, या टोकाहून त्या टोकाला जायची, निरोप द्यायची, उलटा निरोप घेऊन यायची. तिची काजं मागं पडायची ती पडायचीच, वर दोघंही तिलाच म्हणायचे, "काम कुठवर आलं?"

आणि निरोप तरी कसले! "सांग तिला, नाकावरचा चष्मा शोभेला नाही लावत." हे असं जाऊन सांगायचं? सांगितलं असतं तर रोज डोकी फुटली असती. मधली वाटेतच निरोपाची कड आत दुमडून घ्यायची. "मास्तर म्हणतात, कॉलर जरा पुन्हा बघाल का?" तिकडून यायचं, "सांग त्याला, आधी सरळ कापायला शीक म्हणावं." ती मास्तरांना सांगायची, "बाई बघते म्हणाल्या." सगळं कसं गोडीगुलाबीनं. दोघांचाही समज असा, की समोरचं माणूस हळूहळू ताळ्यावर येतंय. मधलीला वाटायचं, आपण आहोत म्हणून हे चाललंय. आणि ते खोटंही नव्हतं.

तिला सवयच होती. घरीही हेच. आई गेली तेव्हा धाकटी बहीण वेळेवर पोचली नाही. ती आली तेव्हा सगळं आटपलं होतं. तेव्हापासून थोरली आणि धाकटी यांचं बोलणं तुटलं. धाकटी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, चढावर राहायची. ताई मधलीकडे निरोप द्यायची, धाकटीही मधलीकडेच द्यायची. मधली दोन्हीकडे सांगायची, "येईन म्हणालीये, सवड झाली की." ताई तेवढ्यावर वाट बघत बसायची. पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेली चादर काढायची, उन्हात घालायची, पुन्हा घडी करून ठेवायची.

त्या दिवशी दुपारी धरणाचं पाणी सोडलं. आधी सांगितलं होतं म्हणे. कुणाला सांगितलं होतं कोण जाणे! समोरच्या रस्त्यावरून एक रिकामं पिंप गडगडत गेलं तेव्हा बायांनी माना वर केल्या. मग उंबऱ्यावरून पाणी आत आलं, चपला तरंगायला लागल्या, आणि लाइट गेले. सगळी मशीनं एकदम गप्प झाली.

कुणीतरी मालकाला फोन लावला. लागला, हे नशीबच. मालक म्हणाला, "घाबरू नका. मास्तर आणि बाई सांगतील तसं करा." आणि फोन कट. त्यानंतर लागलाच नाही.

मास्तर आणि बाई सांगतील तसं! मधलीला हसावं का रडावं कळेना. आजवर त्या दोघांनी एक तरी गोष्ट सारखी सांगितली होती का?

मास्तर मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मागं एक अरुंद गल्ली, गल्लीच्या वळणापलीकडे धान्याचं गोदाम. तीन मजली, पक्कं, रुंद जिन्याचं. मास्तर ओरडले, "पाणी गुडघ्याला आहे तोवर गोदामात जायचं. चला!" बाई पोटमाळ्याच्या शिडीला हात लावून उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "कुणीही बाहेर पाय टाकायचा नाही. माळ्यावर चढा!" मास्तर बायांकडे बघून बोलत होते, बाई बायांकडे बघून बोलत होत्या. एकमेकांकडे बघायला दोघंही तयार नाहीत. पाणी चढतंय आणि यांचा मान काही उतरत नाही.

बाया तिथंच घुटमळल्या. कोणी दोन पावलं इकडे, कोणी दोन पावलं तिकडे. आणि मग एकेक करून सगळ्या मधलीकडे बघायला लागल्या. "मधले, तू कुणाबरोबर?"

मधली बघत होती ताईकडे. ताई आपल्या स्टुलावर बसली होती, मांडीवरचा शर्ट तसाच, हातात छोटी कात्री. ताईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. पाय उचलून शिडीच्या पहिल्या काठीवर ठेवणंसुद्धा तिला जमलं नसतं. चार जणींनी मिळून ढकललं तरी नाही. म्हणजे माळा ताईसाठी नव्हताच. तिला वाचायचं तर गल्लीतूनच जायला हवं होतं, आणि पाणी कमी असतानाच, कारण पाण्यात तिचा तोल राहायचा नाही. मधलीला हे लख्ख दिसत होतं. पण एकटीनं ताईला त्या पाण्यात नेणं शक्य नव्हतं. सगळ्या मिळून निघाल्या तरच.

"जा," मास्तर खेकसले. "सांग तिला, शहाणपणा पुरे झाला. माळ्यावर कोंडून घेऊन मरायचं असेल तर खुशाल मर, पण माझ्या माणसांना नेऊ नकोस. वरून बाहेर पडायला वाट नाही. आत्ता निघाली तर सगळी वाचतील. अर्ध्या तासानं ही गल्लीही बंद."

मधली पाणी तुडवत शिडीपाशी गेली. जाता जाता तिनं निरोप घडी करून घेतला, हात आपोआप शिवण घालतो तसा. "बाई, मास्तर म्हणतात, तुम्हाला पटलं तर सगळे मिळून गोदामात जाऊ."

"पटलं तर!" बाई फणकारल्या. "सांग त्याला, डोळे फुटलेत का? वळणावरच्या गटाराचं झाकण सकाळपासून काढून ठेवलंय. मी येताना बघितलं. आता पाण्याखाली काय दिसणार, कपाळ? आंधळ्यानं सगळ्यांना घेऊन खड्ड्यात जायचं असेल तर एकट्यानं जा म्हणावं."

मधली परत निघाली. पाणी आता गुडघ्याच्या वर होतं. आंधळा, डोळे फुटले, एकटा जा... हे ऐकून मास्तर खरोखरच एकटे निघून गेले असते. तशा स्वभावाचा माणूस. ते गेले की ताईला धरणार कोण? तिनं सगळी भांडणाची कड कापून टाकली, आणि त्या कडेबरोबर झाकणही गेलं. "मास्तर, बाई म्हणतात, जरा थांबा."

"थांबा?" मास्तर क्षणभर चपापले. मग त्यांचा चेहरा निवळला. "म्हणजे येतेय. सामान आवरत असेल. ठीक आहे, सांग, थांबतो. पण लवकर."

हेही मधलीनं नेऊन पोचवलं. "मास्तर थांबतो म्हणालेत." बाईंनी खांदे सैल सोडले. "आली ना अक्कल? मला वाटलंच होतं. येऊ दे त्याला इकडे."

आणि मग दोघंही थांबले! मास्तर मागच्या दारात, बाई येतील म्हणून. बाई शिडीपाशी, मास्तर येतील म्हणून. दोघांच्याही चेहऱ्यावर तेच समाधान, की बघा, शेवटी झुकलं समोरचं. बाया मधे उभ्या. मधली या टोकाकडून त्या टोकाकडे बघत राहिली. तिला आधी कळलंच नाही काय झालंय. इतक्या लवकर सगळं शांत झालं याचं तिला बरंच वाटत होतं.

"मधले," ताई म्हणाली, "माझं स्टूल हलतंय गं."

स्टूल तरंगायला लागलं होतं. ताई उभी राहिली तर पाणी मांडीपर्यंत. मधलीनं तिला कवेत धरलं आणि तेव्हा तिला उमगलं. कुणीच येणार नव्हतं. मास्तर म्हणत होते ते खरं होतं, लवकर निघायला हवं होतं. बाई म्हणत होत्या तेही खरं होतं, वळणावर गटाराचं तोंड उघडं पडलेलं होतं. मास्तरांना झाकण माहीत नाही. बाईंना माहीत नाही की मास्तर त्यांच्यासाठी खोळंबलेत. दोन्ही गोष्टी एकत्र कुठं होत्या? फक्त तिच्या कानात. आणि ती मात्र 'जरा थांबा' आणि 'थांबतो' अशी गोडगोड पुडकी वाटत फिरत होती.

तिला स्वतःची चीड आली. त्या दोघांची तर आलीच आली, इतकी की कानशिलं तापली. कुठल्या जन्मीचं ओझं हे, दोन धडधाकट माणसांची तोंडं आपण व्हायची? तिनं ताईला मशीनच्या टेबलाला टेकवलं, आपल्या मशीनवर चढली आणि ओरडली.

"ऐका! दोघंही ऐका! बाई, मास्तर काय म्हणाले ते आता शब्दाला शब्द ऐका. शहाणपणा पुरे झाला म्हणाले. मरायचं तर खुशाल मर म्हणाले. माळ्यावरून बाहेर पडायला वाट नाही, आणि थोड्या वेळानं गल्लीही बंद होईल, असंही म्हणाले. आणि मास्तर, बाई म्हणाल्या, तुमचे डोळे फुटलेत. आंधळे आहात. वळणावरच्या गटाराचं झाकण सकाळपासून उघडं आहे, त्यात सगळ्यांना घेऊन जाऊन पडाल, असं म्हणाल्या. थांबतो-बिंबतो कुणी म्हणालं नाही. ते माझं. माझ्या पदरचं! आजवर सगळं माझ्याच पदरचं होतं! आता बोला काय बोलायचं ते, आणि माझ्या बहिणीला या पाण्यातून बाहेर काढा!"

मास्तर बाईंकडे बघत होते. बाई मास्तरांकडे. किती तरी काळानं.

"झाकण कुठल्या बाजूला?" मास्तरांनी विचारलं. बाईंना विचारलं.

बाईंनी शिडीवरचा हात काढला. "उजव्या. भिंत धरून डावीकडून गेलं तर वाचेल."

"मग तू पुढे हो. तुला ठाऊक आहे."

"आणि ही शिडी?"

"खड्ड्यात गेली शिडी!"

मास्तरांनी कटिंगच्या टेबलावरचा कापडाचा अख्खा तागा ओढला, फटाफट पिळा देऊन त्याचा दोर केला. नव्या ऑर्डरीचं निळं कापड, पण त्या वेळी कुणाच्या मनातही ते आलं नाही. पुढे बाई, मग बाया, शेवटी ताई, एका बाजूला मधली, दुसऱ्या बाजूला मास्तर. पाणी कमरेला लागलं होतं आणि गार होतं. गुडघ्याला होतं तेव्हा निघाले असते तर ताई मधलीच्या आधारानं चालत गेली असती. आता तिचे पाय जमिनीला लागून सुटत होते, लागून सुटत होते. मधली मनातल्या मनात शिव्या मोजत होती, मास्तरांना, बाईंना, मालकाला, आणि सर्वांत जास्त स्वतःला.

वळणावर पाणी गोल फिरत होतं. बारीकसा भोवरा, बघणाऱ्याला वाटावं काही नाही. एक चप्पल त्यात गेली ती वर आलीच नाही.

"डावीकडे!" बाई पुढून किंचाळल्या. "भिंतीला चिकटा! डावीकडे! डावी कुठली ते तरी कळतं ना?"

"कळतं, कळतं!" मास्तर मागून ओरडले. "तू पुढे बघ!"

तेवढ्यात ताईचा पाय सरकला. ती पूर्ण कलंडली, भोवऱ्याकडे, आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं. मधलीच्या हातात फक्त तिची बाही राहिली. पातळ, धुवून धुवून विरलेली बाही. ती टरकन फाटल्याचा आवाज मधलीला पाण्यातूनही ऐकू आला. मास्तरांनी दोर सोडला आणि दोन्ही हातांनी ताईच्या काखेत धरलं. दोर सैल पडल्याचं जाणवून बाईंनी मागं वळून तो घट्ट ओढला, सगळ्यांचा भार स्वतःच्या अंगावर घेऊन. मास्तर एकटेच असते तर बाकीच्या वाहून गेल्या असत्या, बाई एकट्याच असत्या तर ताई गेली असती. ताई वर आली, खोकत, केस तोंडावर. तिच्या डाव्या हातात अजून ती छोटी कात्री होती. कशाला धरली होती कोण जाणे!

गोदामाच्या जिन्यावर सगळ्या बसल्या. वरच्या वळणावर गोण्यांवर मास्तर बसले, धापा टाकत. बाई खालच्या बाजूला, हाताच्या तळव्यांकडे बघत. कापडाच्या दोरानं सालं निघाली होती. बाहेर अजून उजेड होता आणि कारखान्याच्या पत्र्याला पाणी लागलेलं जिन्याच्या खिडकीतून दिसत होतं. पोटमाळा गेला होता.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "मधले, सांग त्याला, दोर चांगला पिळला होता."

मधलीनं बाईंकडे पाहिलं. मास्तर चार पायऱ्या वर बसले होते. खोकले तरी ऐकू यावं इतके जवळ.

"तुम्हाला तोंड आहे, बाई," ती म्हणाली. "वापरा."

बाईंनी नजर पुन्हा तळव्यांकडे वळवली. मास्तरांनी खिडकीकडे. एवढं सगळं होऊनही काही शिकले म्हणावं, तर तेही नाही! मधलीला पुन्हा इतका संताप आला की ती उठून ताईपाशी जाऊन बसली. ताईचा पाय सरळ पसरलेला, फाटलेल्या बाहीतून दंड उघडा. मधलीनं तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा होता.

"मधले."

"काय गं? दुखतंय का?"

"तू मशीनवर उभी राहून सांगितलंस ते तसंच्या तसं होतं?"

"हो."

"आणि रोज सांगायचीस ते?"

मधली म्हणाली, "ते मऊ करून. नाहीतर भांडणं झाली असती."

ताईनं खालच्या पाण्याकडे पाहिलं. "धाकटीचे निरोपही?"

मधली एका हातानं ताईची फाटकी बाही दंडावर ओढायला लागली.

"परवा तू म्हणालीस, सवड झाली की येते म्हणालीये. ती काय म्हणाली ते सांग. शब्दाला शब्द. आत्ता सांगितलंस तसं."

नाही म्हणायची सोय नव्हती. "ती म्हणाली, आई जाणार हे ताईला कळलं होतं आणि तिनं मला कळवलं नाही. ते का केलं ते तिनं आधी सांगावं. तोवर तिच्या दारात पाऊल टाकणार नाही."

ताईनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. "कळवलं नाही? अगं, मी तुला सांगितलं होतं की. डॉक्टर बाहेर येऊन बोलले, तेव्हाच. म्हटलं, आई आता काही राहायची नाही, धाकटीला सांग, आत्ताच्या आत्ता निघ, उद्यावर नको. तू फोन केलास ना? माझ्यासमोरून उठून गेलीस तू फोन करायला."

"केला."

"मग काय सांगितलंस तिला?"

मधलीला तो दवाखान्यातला ओटा आठवला. धाकटीचा घाबरा आवाज आठवला. फोनवर ती रडायला लागली होती, एकटीच होती, इतक्या लांबून कशी येईल असं मधलीला वाटलं होतं. तिला त्रास नको म्हणून. फक्त त्रास नको म्हणून.

"म्हटलं," मधली म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "आईला जरा बरं नाही. घाबरू नकोस. सवडीनं ये."

खालच्या पायरीवर पाणी आपटत होतं. ताईनं आपला हात तिच्या हातातून काढून घेतला नाही. धरलाही नाही.

"फोन लागायला लागले की तिला लाव," ताई म्हणाली. "आणि माझ्या हातात दे."